अर्धशिशी आणि मानेजवळची सुई

यवतमाळ जिल्ह्यांत अरुणावतीच्या कांठीं वसलेल्या आर्णीसारख्या गांवाहून अर्धशिशीच्या दुखणाइतास तज्ज्ञाकडे जावयाचें, तर यवतमाळ किंवा नागपूर गांठावें लागतें. खर्च होतो, कामाचा दिवसही बुडतो. म्हणून डोक्याच्या मागें टोंचावयाच्या सुईचा गुण कोणास येईल, हें आधीं ताडतां येणें महत्त्वाचें आहे.

सुश्रुतसंहितेंत ‘अर्धावभेदक’ नांवानें वर्णिलेलें हें दुखणें बहुधा कपाळांत व डोळ्यामागें जाणवतें. मग सुई मागें कां? मानेंतील दुसऱ्या ज्ञानतंतूची एक शाखा पाठीमागून टाळूकडे चढते. तिचे संदेश आणि कपाळाकडून येणारे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोंकाशीं एकाच केंद्रांत मिळतात. त्यामुळें मागची वाट बधिर केली असतां पुढची वेदनाही शमूं शकते. लिडोकेनसारख्या औषधाची बधिरता कांहीं तासांत उतरते. गुण मात्र कधीं कधीं कित्येक आठवडे टिकतो.

तरी हा उपाय रामबाण नव्हे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चांचणींत खरें औषध आणि जवळजवळ नुसतें मिठाचें पाणी यांचा परिणाम सारखाच निघाला. दोन्ही गटांत सुमारें ३० टक्के लोकांनाच निम्मा वा अधिक आराम पडला.

या थोड्यांना आधीं ओळखावें कसें? लंडनमधील तज्ज्ञांना २००६ सालीं एक खूण आढळली. तो ज्ञानतंतु बोटानें दाबतांच ज्यांना दुखे, त्यांना गुण येण्याचा संभव अधिक होता. टाळू किती बधिर झाली, यावरून मात्र कांहींच अनुमान निघेना. २००९ सालच्या एका अमेरिकन पाहणींत दुसरी खूण दिसली: वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक करणाऱ्यांत सुई निष्फळ ठरण्याचा धोका सुमारें तिप्पट होता. साध्या गोळ्या महिन्यांतून १५ दिवस किंवा मिश्र गोळ्या १० दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेणें, हा अतिरेक होय.

या खुणा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. परंतु त्या पाहण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. गांवांतील डॉक्टरांचें बोट आणि घरांतील एक वही पुरे. महिनाभर दुखण्याचा प्रत्येक दिवस व प्रत्येक गोळी तींत टिपावी. गोळ्यांचा आंकडा फुगलेला दिसल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्यानें प्रथम तो उतरवावा. मात्र डोकें एकाएकीं विलक्षण ठणकूं लागलें, तापाबरोबर मान ताठली किंवा हातपाय लुळे पडले, तर वही भरत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें.