स्तनलघूकरण शस्त्रक्रिया : रुग्णांचे समाधान आणि जीवनमानाचे मोजमाप

प्रस्तावना :
जखम भरून आली व गुंतागुंत उद्भवली नाही, म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे सामान्यतः मानले जाते. स्तनलघूकरण शस्त्रक्रियेच्या बाबतीत हा निकष अपुरा पडतो. कारण येथील त्रास रक्ततपासणीत आढळत नाही, तो स्त्रीच्या दैनंदिन जीवनात असतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील अनुभवाच्या आधारे या शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनाचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप :
स्तनांची वाढ प्रमाणाबाहेर झाल्यास मान, खांदे व पाठ सतत दुखतात. अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांमुळे खांद्यांवर खोल खाचा पडतात. स्तनांखालील त्वचेच्या घडीत घाम साचून पुरळ उठते व संसर्ग होतो. व्यायाम करणे कठीण होते आणि इतरांच्या नजरांमुळे संकोच वाढतो. शस्त्रक्रियेत जादा ग्रंथी, चरबी व त्वचा काढून स्तनाग्र वरच्या जागी आणले जाते.

वजनाचा निकष :
अमेरिकेत या शस्त्रक्रियेचा खर्च देण्यापूर्वी विमा कंपन्या एक प्रश्न विचारतात : ही वैद्यकीय गरज की सौंदर्याची हौस? पॉल श्नूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिक सर्जनांकडून माहिती मागवून १९९१ मध्ये एक सारणी प्रसिद्ध केली. शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ व काढलेल्या ऊतींचे वजन यांची सांगड तीत घातली होती. अनेक कंपन्यांनी तिच्या आधारे किमान वजन निश्चित केले. परिणामी, वेदना तीव्र असली तरी ग्रॅम कमी भरतात म्हणून विम्याची रक्कम नाकारली जाऊ लागली.

या निकषाला २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्राव्हो’ अभ्यासाने छेद दिला. शस्त्रक्रियेपूर्वी या स्त्रियांचे आरोग्यविषयक गुण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांत लक्षणीय सुधारणा झाली. मिळालेल्या लाभाचा शरीराच्या वजनाशी, अंतर्वस्त्राच्या मापाशी वा काढलेल्या ऊतींच्या वजनाशी संबंध आढळला नाही. वजन घटविणे, भौतिकोपचार, विशेष अंतर्वस्त्रे यांसारख्या उपायांनी कायमचा आराम मिळाला नव्हता.

रुग्णाच्या शब्दांतील मोजमाप :
‘एसएफ-३६’ ही सर्वसाधारण आरोग्याची प्रश्नावली आहे. खास स्तनांच्या शस्त्रक्रियांसाठी अँड्रिया प्युसिक, ॲन क्लासेन व स्टेफान कॅनो यांनी सहकाऱ्यांसह ‘ब्रेस्ट-क्यू’ ही प्रश्नावली २००९ मध्ये मांडली. तीत स्तनलघूकरणाचा स्वतंत्र विभाग असून स्तनांविषयीचे समाधान, शारीरिक, मानसिक-सामाजिक व लैंगिक स्वास्थ्य यांना ० ते १०० असे गुण मिळतात.

समाधानाच्या मर्यादा :
या शस्त्रक्रियेनंतर समाधानाचे प्रमाण उच्च आढळते. तथापि ती दोषरहित नाही. व्रण कायमचे राहतात, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते व स्तनपानात अडथळा येऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये जखम उशिरा भरण्याचा धोका वाढतो. तरीही अनेक स्त्रिया व्रणांसह समाधानी असतात, कारण रोजची वेदना संपलेली असते. मात्र अपत्याची इच्छा असणाऱ्या तरुणीला स्तनपानाविषयीची शक्यता आधीच स्पष्टपणे सांगणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
काढलेल्या ऊतींचे वजन शस्त्रक्रियेचा आकार सांगते, तिचे फलित नव्हे. गरज ठरविताना व यश मोजताना रुग्ण स्त्रीचे कथन हाच मुख्य पुरावा मानला गेला पाहिजे. विश्वासार्ह प्रश्नावल्यांमुळे ते कथन आता मोजता येते. म्हणून ते केवळ व्यक्तिनिष्ठ ठरवून बाजूला सारणे उचित नाही.