शिवलेल्या पोटातली मोकळी फट

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुबईच्या जबल अलीत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं. या दिवसांत कामगारांच्या खोलीत कुणाचं पोट दुखू लागलं, एखादी उलटी झाली, की शेजारच्या पलंगावरचा माणूस निदान करून मोकळा होतो: ऊन लागलं, नाहीतर ॲसिडिटी. बहुतेक वेळा ते खरंही निघतं. पण त्या पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल, तर तिसरी शंका आधी घ्यायला हवी: आतडं अडकलं तर नाही ना?

ऑपरेशननंतर आतडं अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आत तयार होणारे चिकट पट्टे. आतला हर्निया त्याहून खूप दुर्मीळ. जांघेतला किंवा बेंबीचा हर्निया फुगवटा दाखवतो, हा बाहेरून दिसतच नाही. सुमारे सहा मीटरचं लहान आतडं रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पातळ पडद्याने पाठीकडे टांगलेलं असतं. सर्जन आतडं कापून दुसरीकडे जोडतो, तेव्हा या पडद्यात आणि त्याच्या मागे फटी राहतात. त्यातून आतड्याचा वेढा पलीकडे गेला आणि त्याला पीळ बसला, की अन्नाची वाट अडते. रक्तपुरवठाही तुटला, तर काही तासांत आतडं काळं पडू लागतं.

१८८१ साली व्हिएन्नात बिलरोथचा सहकारी वोल्फ्लर याने जठर थेट लहान आतड्याला जोडलं. १९०० मध्ये वाल्टर पेटरसन या जर्मन सर्जनने अशा जोडणीमागच्या मोकळ्या जागेत आतडं अडकल्याचं लिहिलं. ती जागा आजही त्याच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे मागच्या पिढीत अल्सरवर हीच जोडणी करत. १९८२ मध्ये मार्शल आणि वॉरन यांनी अल्सरमागचा जिवाणू शोधला, पुढे गोळ्यांनी भागू लागलं आणि ती ऑपरेशनं ओसरली. पेटरसनची जागा मात्र वजन कमी करण्याच्या बायपासमधून पुन्हा चर्चेत आली.

यात दुर्बिणीचा वाटा मोठा आहे. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आणि छोट्या छिद्रांची शस्त्रक्रिया देशभर रुजली. तिच्यात चिकट पट्टे कमी होतात. रुग्णाचं हे भाग्यच. पण तेच पट्टे आतड्याला जागच्या जागी धरूनही ठेवत असतात! ते नसले की आतडं फटीत सहज सरकतं. त्यात बायपासनंतर वजन उतरतं, तशी पडद्यातली चरबीही झडते आणि फट रुंदावते. म्हणून हा त्रास बहुधा वर्षा-दोन वर्षांनी उपटतो, म्हणजे रुग्ण ऑपरेशन विसरून कामाला लागलेला असतो तेव्हा.

मग फटी शिवून का टाकत नाहीत? स्वीडनमध्ये बायपासच्या २,५०७ रुग्णांवर नेमकी हीच चाचणी झाली. निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. आतडं अडकल्यामुळे तीन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागलेले रुग्ण, फटी न शिवलेल्यांत १०.२ टक्के, तर शिवलेल्यांत ५.५. पण शिवलेल्यांत सुरुवातीच्या गंभीर गुंतागुंती थोड्या वाढल्या, कारण टाक्यांच्या ओढीने कधीकधी आतड्याचा सांधाच मुडपतो. तरी माझा कौल शिवण्याकडेच.

निदानाची गोष्ट चिवट आहे. कळ येते नि जाते, जेवल्यावर वाढते. दाबून पाहिलं तर पोट मऊ लागतं, रक्ताचे रिपोर्ट ठीक येतात, साधा एक्स-रेही फसवतो, उलट्या नसूही शकतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसला तर शंका पक्की होते. पण स्कॅन स्वच्छ आला म्हणून सुटका नाही. दुखणं थांबत नसेल, तर दुर्बीण घालून पाहावंच लागतं. आत शिरल्यावर सर्जन बहुधा शेवटाकडून सुरुवात करतो. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं ती जागा ठरलेली असते; तिथून उलटं चाचपत तो अडकलेल्या वेढ्यापर्यंत येतो.

अशा वेळी आधीचं ऑपरेशन कोणतं, हे डॉक्टरला कळायला हवं. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद या गाजलेल्या रुग्ण महिलेचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन मुंबईच्या सैफी रुग्णालयात झालं आणि पुढचे उपचार अबूधाबीत. तिच्यावर काय केलंय, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही ठाऊक होतं. ते स्लीव्ह होतं. त्यात जठर अरुंद करतात, आतड्याची वाट बदलत नाहीत, म्हणून पेटरसनची जागाही तयार होत नाही. पण साताऱ्यात ऑपरेशन करून जबल अलीत कामावर परतलेल्या फोरमनबद्दल इथल्या डॉक्टरला एवढंही कळायचा मार्ग नसतो. २०१३ च्या कायद्याने दुबईत मालकाने कामगाराचा आरोग्य विमा काढणं बंधनकारक झालं, पण विम्याच्या कार्डावर जुनं ऑपरेशन लिहिलेलं नसतं. फाइल गावच्या कपाटात पडून, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'पोटाचं झालंय.'

घरी फोन करून त्या फाइलचे फोटो मागवून ठेवावेत. डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटही हवी. स्लीव्ह की बायपास, आतडं कुठे जोडलं, फटी शिवल्या का, हे तिच्यात सापडतं. पोट फुगलं, वारा सरेना, कळ थांबेना, तर गॅसच्या गोळीवर रात्र काढू नये. अमिरातीत रुग्णवाहिकेचा नंबर ९९८.