घरातील दरोडा आणि जबाबदारीची टोलवाटोलवी

रस्त्यात पाकीट मारले गेले, तर माणूस दोन दिवस हळहळतो आणि विसरतो. घरात शिरलेल्या टोळीने हातपाय बांधून, मारहाण करून लुटले, तर त्या घरात पुन्हा निर्धास्त झोप लागायला वर्षे जातात. कायद्यालाही हा फरक पूर्वीपासून ठाऊक आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. आणि दरोडा घालताना त्यांच्यापैकी एकाने जरी खून केला, तरी साऱ्यांनाच फाशी अथवा जन्मठेप होऊ शकते, ही तरतूद १८६० च्या भारतीय दंडविधानात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्येही ती कायम आहे. तरीही प्रत्येक मोठ्या दरोड्यानंतर पहिली मागणी होते ती कठोर कायद्याची. नागरिकांचा संताप खरा असतो. त्याचा पत्ता मात्र चुकलेला असतो. बंगळुरूचा गेल्या तीन दशकांचा अनुभव या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात या शहराने ‘दंडुपाळ्य’ हे नाव ऐकले. होसकोटेजवळच्या याच नावाच्या खेड्यावरून ओळखल्या जाणाऱ्या टोळीची पद्धत साधी आणि भयंकर होती. दिवसाढवळ्या एकाकी घर हेरायचे, टोळीतील स्त्रीने दारात उभे राहून प्यायला पाणी मागायचे, आणि दार उघडताच साथीदारांनी आत घुसायचे. गळा चिरून दागिने पळविल्याच्या अनेक गुन्ह्यांत या टोळीवर आरोप ठेवले गेले. तहानलेल्याला पाणी देणे हा आपल्याकडे घराचा साधा धर्म. तोच जिवावर बेतू शकतो, ही जाणीव कोणत्याही शहराचा स्वभाव पालटून टाकणारी असते.

टोळी गजाआड झाली, पण खटले परप्पन अग्रहार कारागृहातील विशेष न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. २०१० मध्येही फाशीच्या शिक्षा सुनावल्या जात होत्या, आणि त्यांतील काही पुढे उच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. २०१२ मध्ये या टोळीवरचा कन्नड चित्रपट येऊन गेला आणि गावाचे नाव गुन्ह्याला कायमचे चिकटले. संहितेतील सर्वांत कडक शिक्षाही अखेर पंचनामा, मुद्देमाल आणि साक्षीदार यांच्या भक्कमपणावरच उभी असते, हा या प्रकरणाचा खरा धडा होता. तो फारसा कोणी घेतला नाही.

वाढते शहर, अनोळखी शेजार

दरम्यान शहर फुगत गेले. बंगळुरू नागरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ६५ लाख होती. २०११ मध्ये ती ९६ लाखांवर गेली. २००७ मध्ये सात नगर परिषदा, एक नगरपालिका आणि ११० गावे एकत्र करून बृहत् बंगळुरू महानगरपालिका स्थापन झाली. कालपर्यंत नाचणीची शेते असलेल्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. तेथे कोण भाड्याने राहायला आले, कोणाचे घर सुटीत बंद असते, याची खबर ठेवणारा बीटवरचा शिपाई मात्र त्या वेगाने वाढला नाही.

पुण्या-कोल्हापुराहून गेलेले अभियंते, केंद्रीय सेवेतील बदलीचे अधिकारी, मुलामागे उतारवयात येऊन राहिलेले आईवडील, असा मराठी समाज या शहरात आहे. कन्नड न येणाऱ्या वृद्धाला रात्री ठाण्यात काय सांगायचे, हाच पहिला प्रश्न पडतो. बंगळुरू पोलिसांनी एका सेवाभावी संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये ज्येष्ठांसाठी १०९० ही दूरध्वनी सेवा सुरू केली, ती या एकाकीपणाची दखल घेणारी होती. दुसऱ्या बाजूला विटा-खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेला गलाई व्यवसाय आहे. चोरीचे सोने वितळवले गेल्याच्या संशयाने पोलीस या भट्ट्यांपर्यंत पोहोचतात. चोरीचा माल घेण्याच्या कलमाखाली निरपराध व्यावसायिकही भरडला जातो, ही त्या व्यवसायाची जुनी तक्रार आहे. एकाच दरोड्यात एक स्थलांतरित फिर्यादी ठरतो, तर दुसरा संशयित.

कॅमेऱ्याने पाहिले, पुढे काय?

१९ नोव्हेंबर २०१३ रोजी बंगळुरूतील एका एटीएममध्ये बँक कर्मचारी महिलेवर कोयत्याने हल्ला करून तिला लुटण्यात आले. सारा प्रसंग कॅमेऱ्यात टिपला गेला आणि देशाने तो दूरचित्रवाणीवर पाहिला. आरोपी सापडला तो २०१७ मध्ये, आंध्र प्रदेशात. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली २०२१ मध्ये. त्यानंतरच्या काळात कर्नाटकाने व्यापारी आस्थापनांना कॅमेरे सक्तीचे करणारा कायदा २०१७ मध्ये आणला. केंद्राच्या निर्भया निधीतून ‘सेफ सिटी’ योजनेसाठी निवडलेल्या आठ शहरांतही बंगळुरू होते. कॅमेऱ्यांचा उपयोग नाकारता येत नाही. पण कॅमेरा साक्ष देतो, माग काढत नाही.

माग काढणारा पोलीस कोणत्या अवस्थेत आहे, हे जून २०१६ मध्ये दिसले. रजा, कामाचे तास आणि तुटपुंजे वेतन यांच्या निषेधार्थ कर्नाटकातील पोलीस शिपायांनी सामूहिक रजेचा इशारा दिला. सरकारने कारवाईचा बडगा उगारला आणि पुढे वेतनाचा विचार करण्यासाठी राघवेंद्र औरादकर यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. देशाचे चित्र वेगळे नाही. १ जानेवारी २०२० रोजी देशभरात पोलिसांची पाच लाखांवर मंजूर पदे रिक्त होती. मंत्र्यांचा बंदोबस्त, मोर्चे, वाहतूक आणि सण उरकून उरलेल्या वेळात ज्याने तपास करायचा, त्याच्याकडून जलद न्यायाची अपेक्षा कशी बाळगायची?

राजधानीतील वाचकाला येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. दिल्लीचे पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने त्यांच्याविषयी संसदेत थेट जाब विचारता येतो. बंगळुरूविषयी प्रश्न विचारला, की पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचे विषय आहेत, हे ठरलेले उत्तर मिळते. राज्य मनुष्यबळ आणि निधीकडे बोट दाखवते. महापालिकेकडे जावे, तर बाराव्या अनुसूचीत पोलिसांचा उल्लेखच नाही. शिवाय सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर हे महानगर वर्षानुवर्षे लोकनियुक्त नगरसेवकांविना राहिले. घर लुटले गेलेल्या माणसाने नेमके कोणाचे दार ठोठवायचे, हे घटनेच्या तीन स्तरांपैकी कोणीच सांगत नाही.

दाद मागायला जागा नसलेला संताप मग स्वतःची वाट शोधतो. नागपूरच्या कस्तुरबानगरातील स्त्रियांनी घरांत घुसून लुटणाऱ्या, अत्याचार करणाऱ्या गुंडाच्या तक्रारी वर्षानुवर्षे केल्या. १३ ऑगस्ट २००४ रोजी न्यायालयाच्या आवारातच जमावाने त्याला ठार केले. त्या उद्रेकामागे पोलिसी अनास्थेचा इतिहास होता. मात्र तोच मार्ग सवयीचा झाला, की आरोपी आणि अनोळखी यांतील भेद पुसला जातो. मे २०१८ मध्ये बंगळुरूच्या चामराजपेठेत मुले पळविणारा समजून जमावाने राजस्थानातून आलेल्या तरुणाचा बळी घेतला. पालघरच्या गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. पाचही जण नसलेल्या टोळीच्या भीतीने पाचशेंचा जमाव उभा राहतो, आणि त्यात पहिला धोका असतो तो परभाषक स्थलांतरितालाच.

उपाय अज्ञात नाहीत. तपास आणि बंदोबस्त यांसाठी स्वतंत्र मनुष्यबळ असावे, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजीच बजावले. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाने सुरू केलेला ‘मने मनेगे पोलीस’, म्हणजे घरोघरी पोलीस, हा उपक्रम बीटवरच्या शिपायाला पुन्हा उंबऱ्यापर्यंत आणू पाहतो. त्यासाठी त्या शिपायाला पुरेसा वेळ, पुरेसे सहकारी आणि वर्ष-दोन वर्षे एकाच बीटवर राहण्याची शाश्वती हवी. अन्यथा घरोघरची भेट ही नोंदवहीतील सहीपुरतीच उरेल. कठोर शिक्षेची घोषणा एका दिवसात करता येते आणि तिला खर्च येत नाही. रिक्त पदे भरायला अंदाजपत्रकात तरतूद लागते. पुढच्या दरोड्यानंतर विधानसभेत आणि संसदेत चर्चा होईल, तेव्हा लोकप्रतिनिधी यांपैकी काय मागतात, यावरच त्यांची कळकळ जोखावी लागेल.