मणक्याआडची गाठ

लहान मुलांच्या मज्जारज्जूत गाठ होणे दुर्मीळ, म्हणूनच तिचा संशय उशिरा येतो. मूल रात्री पाठदुखीने जागे होते, पाय ओढत चालते, मान वाकडी धरते किंवा कण्याला बाक येतो. पाठदुखीचे खापर दप्तरावर फुटते आणि महिने निघून जातात. साध्या एक्स-रेत गाठ दिसतच नाही. फार तर तिने हळूहळू रेटून रुंद केलेली मणक्यांमधली पोकळी दिसते.

लंडनमध्ये १८८७ साली मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी एका प्रौढ रुग्णाच्या कण्यातल्या गाठीची जागा केवळ अंग तपासून ठरवली. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागलेला नव्हता. शल्यविशारद व्हिक्टर हॉर्सले यांनी तिथे पाठ उघडली, तर गाठ नाही! आणखी वरचे हाड काढल्यावर ती सापडली आणि पुढे रुग्ण चालू लागला. नाव झाले ते हॉर्सले यांच्या सुरीचे. गॉवर्स यांच्या निदानाची आठवण त्या मानाने कमीच निघते.

१९२० च्या दशकात पॅरिसच्या सिकार आणि फोरेस्तिए या डॉक्टरांनी मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात चक्क खसखशीचे तेल सोडले! आयोडीनयुक्त असल्याने ते द्रवापेक्षा जड होते आणि एक्स-रेत उठून दिसे. टेबल कलते केले की तेल घरंगळत जाई. जिथे अडे तिथे गाठ. पण तेल वर्षानुवर्षे आतच राही आणि मज्जारज्जूच्या आवरणांना दाह होई.

पुढे एमआरआयने पाठीत सुई न खुपसता आणि क्ष-किरणांशिवाय मज्जारज्जूच दाखवला. मुलांमध्ये जास्त आढळणारा गाठीचा प्रकार, अॅस्ट्रोसायटोमा, बहुधा एका बाजूला झुकलेला, पुसट कडांचा असतो; एपेन्डिमोमा हा दुसरा प्रकार मधोमध आणि रेखीव. गाठ उठून दिसावी म्हणून शिरेत गॅडोलिनियम टोचल्यावर फरक अधिक कळतो, पण नेहमीच नाही. खात्री गाठीचा तुकडा तपासूनच होते. त्यामुळे ‘संगणक चित्र पाहून गाठ ओळखणार’ छापाच्या बातम्या जपून वाचाव्यात. मुळात संगणकाला शिकवायला अशा मुलांची चित्रेच थोडी.

एमआरआयसाठी अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहणे लहान मुलांना जमत नाही, म्हणून बहुतेकांना भूल द्यावी लागते. पहिल्या काही महिन्यांच्या बाळांत मणक्यांची मागची बाजू पुरती हाडाची झालेली नसते, त्या फटीतून सोनोग्राफीही आत पाहू शकते. मेंदूतल्या काही गाठींच्या पेशी द्रवातून खाली उतरतात, म्हणून अशा मुलांच्या संपूर्ण कण्याचे चित्र घेतात. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एमआरआय शक्यतो ४८ तासांत होतो. उशीर झाला तर भरत आलेली जखमही उरलेल्या गाठीसारखी चमकते.