धाप लागते ती वयामुळेच का?

बाजारच्या दिवशी आमच्या दवाखान्यात सकाळपासून गर्दी असते. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून एसटीने येणारी मंडळी बाजार आणि डॉक्टर ही दोन्ही कामे एका खेपेत उरकतात. नाणेघाटाच्या वाटेवरच्या एका गावातून साठी ओलांडलेल्या एक मावशी अशाच यायच्या. बाकावर बसल्या की दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकायच्या आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडायच्या. सलग चार हिवाळे मी त्यांना इंजेक्शन आणि खोकल्याचे औषध दिले. दोन दिवस बरे वाटायचे, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. केसपेपरवर मी ‘दमा’ लिहिले होते आणि त्याखाली ‘विडी – नाही’. एवढे विचारून माझे समाधान झाले होते. चुलीचे मी कधी विचारलेच नाही, ही माझी चूक.

पाचव्या वर्षी त्यांना पुण्याला पाठवून फुंकरीची तपासणी करून घेतली. या तपासणीत यंत्राच्या नळीत जोराने फुंकायचे असते. साधारणपणे निरोगी माणूस छातीतली निदान ७० टक्के हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. मावशींना ते निम्मेही जमले नाही. औषध ओढायला देऊन पुन्हा फुंकायला लावले, तरी फारसा फरक पडला नाही. निदान झाले ते सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट विकाराचे.

दमा आणि हा विकार यांत लोकांची गल्लत होते, कधी आम्हा डॉक्टरांचीही होते. दमा येतो आणि जातो. मधल्या काळात माणूस ठणठणीत असू शकतो. सीओपीडी मात्र मुक्कामाला येतो. वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका सुजतात, कफ साठतो आणि फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांच्या भिंती फाटून त्यांचा ताणलेपणा जातो. लोहाराच्या भात्याचे कातडे सैल पडावे तसे होते. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. गेलेले फुप्फुस परत मिळत नाही. असे असले तरी उरलेल्या फुप्फुसावर माणूस पुष्कळ वर्षे बऱ्यापैकी जगू शकतो.

विडी-सिगारेट हे याचे मोठे कारण आहेच. पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, या विकाराच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते. आपल्याकडे त्यांतल्या पुष्कळ जणी चुलीपुढे बसलेल्या असतात. धाब्याच्या किंवा कौलारू घरात, खिडकी नसलेल्या सैपाकघरात, ओल्या लाकडांवर तीस-चाळीस वर्षे भाकरी थापलेल्या या बायका. त्यात तव्यावर मिश्री भाजण्याचा ठसका. उन्हाळ्यात भातासाठी राब भाजतात त्याचा धूर, ऊस गेल्यावर पाचट पेटवतात त्याचा धूर. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि घरोघर गॅस आला, हे चांगलेच झाले. पण मी घरी जाऊन पाहतो तेव्हा चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि पडवीत अंघोळीच्या पाण्याचा बंब धुमसतोय. सिलिंडर पुरवून वापरावा लागतो, हे मलाही कळते. तेव्हा निदान बंब घरापासून लांब, उघड्यावर ठेवा, आणि तो पेटवण्याचे काम ज्याला धाप लागते त्याच्याकडे देऊ नका, एवढे तरी करता येईल.

आता रोजच्या जगण्याविषयी. शिवनेरी चढताना दम सगळ्यांनाच लागतो, त्याची काळजी नको. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडायला लागलात, तर तपासून घ्या. महिनोन् महिने खोकला आणि कफ असेल तरीही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयासाठी थुंकीची तपासणी आधी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

अशा रुग्णाची दमछाक खरी कुठे होते, तर अंघोळ, कपडे घालणे, जेवण या साध्या गोष्टींत. अंघोळ स्टुलावर बसून करावी. हात खांद्यांच्या वर उचलावे लागतील अशा कामांनी धाप लवकर लागते, म्हणून डबे वरच्या फळीवरून खाली घ्यावेत. पोट तट्ट भरले की फुप्फुसाला जागा उरत नाही. त्यामुळे दोन वेळा भरपेट जेवण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडेथोडे खावे. श्वास घेण्यातच ताकद खर्च होत असल्याने वजन उतरते. शेंगदाणे, कडधान्ये, दूध, चालत असेल तर अंडी, यांत कसूर नको.

धाप लागली की घाबरून भराभर श्वास घेऊ नये. नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडावा. मावशींना मी म्हणालो, ‘‘चुलीला फुंकर घालता तशीच, पण हळू. राख उडता कामा नये.’’ त्या हसल्या. ‘‘ती तर जन्मभर घातली, डाक्तर. तिनंच हे केलं म्हनता, आन् आता तीच औषध?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

चालणे बंद करू नये. बसून राहिले की स्नायू ढिले पडतात आणि धाप वाढते. मी पूर्वी सर्रास ‘पहाटे फिरा’ असे सांगत असे. एका रुग्णाने विचारले, ‘‘आन् बिबट्याचं काय?’’ आमच्या भागात हा विनोद नाही. शिवाय पहाटेची थंडी आणि धुके या छातीला सोसतही नाही. ऊन वर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, सोबत घेऊन चालावे.

सर्वांत जास्त वाद होतो तो पंपावर. ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘एकदा धरला की सुटत नाही’ असे गावोगाव ऐकू येते. हिशेब पाहा. सालब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम औषध असते. पंपाच्या एका फवाऱ्यात १००. चाळीस पट कमी औषध, तेही थेट जागेवर. याशिवाय रोज घ्यायचे वेगळे औषध असते. बरे वाटले म्हणून ते बंद करायचे नसते. घेण्याची पद्धत मात्र शिकावी लागते. यंत्रात घालून ओढायच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी दर वर्षी पाहतो. त्यांत दोष रुग्णाचा कमी, न शिकवणाऱ्याचा जास्त. स्टेरॉइडचा पंप असेल तर ओढून झाल्यावर चूळ भरावी. आणि दर बाजारी ‘एक सुई मारा’ हा आग्रह सोडावा. त्या सुयांत बहुधा स्टेरॉइड असते. ते वारंवार घेतल्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो.

कोरोनाच्या साथीत, २०२० नंतर, ऑक्सिजन मोजायचे चिमटे घराघरांत आले. आता ९१ आकडा दिसला की नातेवाईक रात्री दार ठोठावतात. या विकाराच्या रुग्णात ऑक्सिजन द्यायची वेळ आली तरी ८८ ते ९२ एवढेच आपले लक्ष्य असते. सिलिंडर भरमसाट सोडला तर काही रुग्णांत गुंगी येऊन जीवावर बेतते. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा. कफ पिवळा-हिरवा होऊन वाढला, पायांवर सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ओठ-नखे निळी पडली, बोलताना वाक्य पुरे होईना, झापड येऊ लागली, तर १०८ ला फोन करा. फ्लूची लस दर वर्षी आणि न्युमोनियाची डॉक्टर सांगतील तशी घ्यावी.

मावशी अजून येतात. एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत दोनदा थांबून चालत येतात. पूर्वी नातू मोटारसायकलवर आणायचा. राब भाजायच्या दिवसांत त्या लेकीकडे ओतूरला जातात. पंप कमरेच्या पिशवीत असतो. त्याच पिशवीत मिश्रीची डबीही आहे, तिच्यावरून आमचे भांडण चालू आहे.