पंधरा घरांचं ठाणं

1321 साली ठाण्यातल्या एका घरात रात्री नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्यानं बायकोला मारलं. सकाळ होताच ती बाई थेट काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असं काझीनं विचारलं. आमच्याकडे चार फिरंगी साधू उतरलेत, ते तेव्हा घरातच होते, असं तिनं सांगितलं. साधूंना बोलावणं गेलं. मारहाणीची चौकशी बाजूला पडली, वाद धर्मावर आला आणि त्यात ते चौघेही मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री ही त्यांची नावं. त्यांचा सोबती जोर्डानस यानं त्यांना सोपाऱ्यात पुरलं. पुढे ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशानं त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. 1330 मध्ये त्यानं सांगून लिहवून घेतलेल्या प्रवासवृत्तात हा सगळा प्रसंग आहे.

ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाची गोष्ट बहुतेक जण या हौतात्म्यापासून सुरू करतात. मी मात्र आदल्या रात्रीच्या त्या घरापाशी थांबतो. ओडोरिक सांगतो, तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यांची उपासना सिरियाक भाषेतली. पाहुणे लॅटिन परंपरेचे, आणि रोमच्या लेखी नेस्टोरियन म्हणजे पाखंडी. तरीही परक्या शहरात या साधूंना ओसरी मिळाली ती त्यांच्याच घरी. या परिसरात दोन चर्चपरंपरा एका छपराखाली आल्याची याहून जुनी नोंद माझ्या वाचनात नाही.

पुढे पोर्तुगीज आले आणि तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च उभं राहिलं. 1739 मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेलं. 1825 मध्ये बिशप हेबर यांनी इथल्या अँग्लिकन सेंट जेम्स चर्चचं समर्पण केलं. दोन्ही चर्च जुन्या ठाण्यातच, चालत जाण्याच्या अंतरावर. पण उपासना वेगळी, लोक वेगळे. मग रेल्वे आली. 16 एप्रिल 1853 ला ठाण्यापर्यंत, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत. नोकरीच्या मागे माणसं येत राहिली. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांची मराठी बोली इथलीच होती; तिच्या शेजारी गोव्याची कोंकणी आली, अहमदनगर-जालन्याकडची मराठी आली, तमिळ आणि मल्याळम आली. केरळमधून आलेल्या सिरो-मलबार कुटुंबांसाठी 1988 मध्ये कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. म्हणजे सहाएक शतकांनंतर सिरियाक परंपरा याच परिसरात पुन्हा नांदू लागली.

मराठी मुलखात एकीचं स्वप्न जुनं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची इच्छा होती. दोन वर्षांत ते गेले. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन अशा सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. एकी किती नाजूक असते, हे त्या एका गोष्टीत दिसतं.

आज 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती एकतेचा प्रार्थना सप्ताह असतो आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिलांचा जागतिक प्रार्थना दिन. एकत्र गाणं, एकत्र प्रार्थना यांचं मोल मी कमी मानत नाही. पण डोंबिवलीतल्या ज्या घरात आईबाप दोघंही पहाटेची लोकल पकडतात, मुलं शाळेतून येऊन स्वतःच कुलूप उघडतात आणि रात्री थकव्यातून आवाज चढतात, त्या घराला एवढं पुरत नाही. तिथं बोलायला माणूस लागतं. आपल्याच मंडळीतल्या पाळकाकडे किंवा फादरकडे जायला बाई कचरते, कारण सासरची माणसं त्याच बाकांवर बसतात. शेजारच्या मंडळीतली समुपदेशक मात्र श्रद्धेनं आपली आणि नात्यानं परकी असते. मंडळ्यांनी खरोखर एकत्र यायची जागा मला ही वाटते. मुंबईच्या कॅथॉलिक धर्मप्रांताचं ‘स्नेहालय’ हे कुटुंबसेवा केंद्र लग्नाआधीचे वर्ग घेतं. असे वर्ग इतर मंडळ्यांच्या जोडीनं झाले, तर कॅथॉलिक मुलगी आणि प्रोटेस्टंट मुलगा एकाच वर्गात बसतील. तशी लग्नं होतात. परवानगी, मुलांचा बाप्तिस्मा, रविवारी कुठं जायचं, हे प्रश्न त्यांना पहिल्या दिवसापासून असतात.

‘घर टिकलं पाहिजे’ हे वाक्य अनेकदा बाईलाच ऐकवलं जातं, म्हणून कायद्याबद्दल लिहायला हवं. 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरे होतं. बायकोला नुसती मारहाण सिद्ध करून सुटका नव्हती. क्रौर्याच्या जोडीला व्यभिचारही सिद्ध करावा लागे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ही अट घटनाबाह्य ठरवली आणि 2001 मध्ये संसदेनं कायदा बदलून नवरा-बायकोची कारणं सारखी केली. त्याआधी स्त्री-संघटना आणि वेगवेगळ्या मंडळ्यांचे प्रतिनिधी नव्या विवाह कायद्याच्या मसुद्यावर एकत्र बसले होते. विवाह अतूट मानणारे कॅथॉलिकही त्यात होते. त्यांना ते सोपं गेलं नसणार, आणि म्हणूनच एकीच्या इतिहासात मी त्या बैठकांना नागपूरच्या समारंभाइतकंच मानाचं पान देईन.

त्या चौघांची नावं सातशे वर्षं टिकली. थॉमसला रोमनं 1894 मध्ये धन्य घोषित केलं. काझीकडे गेलेल्या बाईचं नाव ओडोरिकनं लिहिलेलं नाही. तिच्या तक्रारीचा निकाल काय लागला, त्या संध्याकाळी ती कोणत्या घरी परतली, याबद्दल त्याच्या वृत्तांतात एक ओळही नाही.