चौऱ्याऐंशी लाख भावंडं

घानाहून एक शाळकरी मुलगा एकटाच ब्रिटनला परतला. त्याचं म्हणणं साधं होतं. जन्म इथलाच, मधली काही वर्षं वडिलांकडे घानात काढली, आता आई, भाऊ आणि दोन बहिणींकडे राहायला आलोय. अधिकाऱ्यांना मात्र शंका होती, की हा या बाईचा मुलगा नसून तिच्या तिकडच्या बहिणीचा असावा. रक्तगटाच्या चाचण्या झाल्या. काहीतरी नातं आहे, एवढंच त्यातून निघालं. ती आई की मावशी, ते कळेना. ‘माय मरो आणि मावशी जगो’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाला हा फरक फारसा बोचला नसता. ब्रिटिश गृहखात्याला बोचत होता.

कुटुंबाच्या बाजूने विचारणा झाली लेस्टर विद्यापीठातल्या अलेक जेफ्रीज यांच्याकडे. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी, प्रयोगशाळेतल्या एका क्ष-किरण फिल्मवर, माणसामाणसागणिक बदलणारे डीएनएचे काळे पट्टे त्यांना पहिल्यांदा दिसले होते. किराणा मालाच्या पाकिटावर बारकोड असतो, साधारण तसे. मुलाच्या पट्ट्यांपैकी काही आईकडून येणार, उरलेले वडिलांकडून. पण इथे वडीलच हाताशी नव्हते. मग जेफ्रीज यांनी जे केलं ते कुठल्याही हिशेबनिसाला आवडेल. ज्यांच्याबद्दल वाद नव्हता अशा तीन भावंडांचे पट्टे काढले आणि त्यांतून आईचे पट्टे वजा केले. प्रत्येकाची जी बाकी उरली ती वडिलांची. तिन्ही बाक्या एकत्र मांडल्यावर, कधीही न भेटलेल्या माणसाचा बारकोड टेबलावर बऱ्यापैकी उभा राहिला. वादातल्या मुलाचे पट्टे एक तर आईत सापडत होते, नाही तर या जुळवलेल्या बापात. १९८५ मध्ये गृहखात्याने हरकत मागे घेतली. डीएनएच्या ठशांनी निकालात निघालेलं जगातलं हे पहिलं प्रकरण.

तीन भावंडांत बाप किती सापडतो? पहिल्या अपत्यात वडिलांचा निम्मा डीएनए उतरतो. दुसऱ्यातही निम्माच, पण तो ‘उरलेला’ निम्मा नसतो. त्यातला सुमारे अर्धा पहिल्याकडे आधीच गेलेला असतो. म्हणून दोघांत मिळून पाऊण बाप, तिघांत साडेसत्त्याऐंशी टक्के, चौघांत त्र्याण्णवच्या पुढे. शंभर कधीच भरत नाहीत.

इथेच आपल्या डोक्यातली वाटणीची कल्पना फसते. भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा विहिरीकडचा तुकडा थोरल्याला गेला तर तो धाकट्याला मिळत नाही, आणि सातबाऱ्यावरचा एकही गुंठा बेवारस राहत नाही. डीएनएत दोन्ही नियम मोडतात. एकच गोष्ट पाचही भावंडांना मिळू शकते, आणि दुसरी एखादी पाचांतल्या कुणालाच नाही. प्रत्येक अपत्याच्या वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. आधी कुणाला काय गेलं याची नोंद कुठेच नसते.

पिसण्याची पद्धत अशी. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. (हा आकडा पक्का व्हायला १९५६ साल उजाडावं लागलं. त्याआधी तीसेक वर्षं जग छातीठोकपणे २४ जोड्या सांगत होतं. जावा बेटावर जन्मलेले जो हिन त्यियो आणि त्यांचे स्वीडिश सहकारी अल्बर्ट लेवान यांनी स्वीडनमधल्या लुंडच्या प्रयोगशाळेत ४६ मोजली आणि ४८ चा पाठ मोडीत निघाला.) प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आपल्या आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. शुक्राणू किंवा स्त्रीबीज तयार होताना प्रत्येक जोडीतलं कोणतं तरी एकच पुढे जातं. कोणतं, ते नाणेफेकीवर. २३ जोड्या म्हणजे २३ नाणी. त्यांचे वेगवेगळे निकाल होतात ८३,८८,६०८. चौऱ्याऐंशी लाखाला थोडेच कमी! चौऱ्याऐंशी लक्ष योनींची आठवण येणारच. योगायोग आहे, तो योगायोगच राहू द्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘प्राचीन जनुकशास्त्र’ तेवढ्यावर उभं करू नये. आईची चौऱ्याऐंशी लाख बीजं आणि वडिलांचे चौऱ्याऐंशी लाख शुक्राणू एकमेकांशी जुळवले तर एकाच जोडप्याची सुमारे ७० लाख कोटी वेगवेगळी मुलं संभवतात. आणि एवढं होऊनही हा हिशेब कच्चाच आहे.

कारण गुणसूत्र अखंड पुढे जात नाही. जोडीतली दोघं आधी एकमेकांना बिलगतात, काही ठिकाणी तुटतात आणि आपापले तुकडे बदलून घेतात. म्हणजे आई लेकीला जे सातवं गुणसूत्र देते ते ना निखळ आजीचं असतं ना निखळ आजोबांचं. वरचा भाग आजोबांचा, मधला आजीचा, शेपूट पुन्हा आजोबांची, अशी ती गोधडी असते. पुरुषाच्या एका शुक्राणूमागे असे सांधे सरासरी पंचवीस-सव्वीस पडतात, स्त्रीबीजात चाळिसाच्या वर. आईची गोधडी बारीक तुकड्यांची, वडिलांची मोठ्या. मोठ्या तुकड्यांत नशिबाचे झोके मोठे, म्हणून आईच्या बाजूपेक्षा वडिलांच्या बाजूचं साम्य भावंडाभावंडांत जास्त खालीवर होतं.

याहून चकित करणारी आहे ती या शिवणकामाची वेळ. मुलगी गर्भात असतानाच तिच्या बीजांडात ही तुकड्यांची अदलाबदल होऊन जाते. तुम्हाला आईकडून मिळालेले तुकडे कुठे जोडायचे, ते ठरलं तेव्हा तुमची आई तिच्या आईच्या पोटात होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज नंतरचा. निम्मं काम तिथेच, एक पिढी आधी उरकलेलं होतं.

मग ‘सख्ख्या भावंडांत ५० टक्के डीएनए सारखा’ हे शाळेतलं वाक्य खरं की खोटं? सरासरी म्हणून खरं. (आधी एक गोंधळ मिटवायला हवा: कुठल्याही दोन माणसांचा डीएनए ९९.९ टक्के एकच असतो. इथे ‘सारखा’ म्हणजे त्याच आईकडून किंवा त्याच वडिलांकडून आलेली तीच प्रत.) कुठलीही एक जागा घेतली तर दोन भावंडांत दोन्ही प्रती जुळण्याची शक्यता २५ टक्के, एक जुळण्याची ५०, एकही न जुळण्याची २५. म्हणजे जनुकसंचाच्या सुमारे पाव भागात सख्खी भावंडं एकमेकांना परक्यासारखी असतात. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर व्हिशर आणि सहकाऱ्यांनी ४,४०१ भावंडजोड्यांत हे प्रत्यक्ष मोजलं. सरासरी ४९.८ टक्के आली, पण एक जोडी ३७.४ वर होती आणि एक ६१.७ वर. ‘तुम्ही दोघं सख्खे वाटत नाही’ असं लग्नाच्या मांडवात ऐकावं लागतं, त्यातल्या काहींच्या बाबतीत मांडवातल्या मावश्यांची नजर अगदीच चुकीची नसते. व्हिशर यांनी या फरकाचाच उपयोग केला. ज्या जोड्यांत साम्य जास्त त्यांच्या उंचीतही साम्य जास्त आहे का, ते पाहिलं आणि एकाच घरातल्या, एकाच ताटात जेवलेल्या मुलांवरून उंचीचा आनुवंशिक वाटा सुमारे ८० टक्के काढला.

काही गोष्टी मात्र नाणेफेकीच्या बाहेर आहेत. वाय गुणसूत्र सगळ्या भावांना वडिलांकडून जसंच्या तसं मिळतं. वडिलांचं एक्स जवळजवळ अखंड लेकींना जातं, त्यामुळे सख्ख्या बहिणींत तो भाग हमखास सारखा. आणि पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा छोटासा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना सारखाच येतो; पुढे तो फक्त लेकी चालवतात. या शेवटच्या नियमावर रशियाच्या झारचं कुटुंब ओळखलं गेलं.

१७ जुलै १९१८ च्या पहाटे येकातेरिनबर्गमधल्या एका घराच्या तळघरात दुसरा निकोलस, राणी अलेक्झांड्रा, त्यांची पाच मुलं आणि चार सेवकांना बोल्शेविकांनी गोळ्या घातल्या. १९९१ मध्ये शहराबाहेरच्या खड्ड्यातून सांगाडे निघाले ते नऊच. हाडांचे नमुने घेऊन पावेल इवानोव्ह इंग्लंडला पीटर गिल यांच्या प्रयोगशाळेत आले. राणीची ओळख पटवायला रक्त दिलं प्रिन्स फिलिप यांनी. राणी त्यांच्या आईची सख्खी मावशी, म्हणजे दोघांची मायटोकाँड्रिया एकाच आजीबाईपाशी पोचणारी. ती तंतोतंत जुळली. तीन तरुण मुली याच जोडप्याच्या, हेही ठरलं.

घोळ झाला झारच्या बाबतीत. त्याच्या आईच्या वंशातल्या जिवंत नातेवाइकांशी त्याचा डीएनए जुळत होता, फक्त एका जागी त्यांच्यात एकच अक्षर होतं आणि झारच्या हाडात दोन अक्षरांची सरमिसळ. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं: नमुना बाटलाय, नाही तर हाडं दुसऱ्याचीच आहेत. उत्तर एकच माणूस देऊ शकत होता, आणि त्याला जाऊन ९५ वर्षं झाली होती. झारचा धाकटा भाऊ गेऑर्गी १८९९ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी क्षयाने वारला होता. १९९४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या चर्चमधली त्याची संगमरवरी कबर उघडली गेली. १९९६ मध्ये निकाल छापून आला. धाकट्याच्या हाडातही त्याच जागी तीच सरमिसळ होती, फक्त प्रमाण वेगळं. आईच्या बीजांडात दोन तऱ्हेच्या मायटोकाँड्रिया होत्या; दोन्ही मुलांच्या वाट्याला दोन्ही आल्या, कमी-जास्त प्रमाणात. जुलै १९९८ मध्ये निकोलसचं दफन झालं ते त्याच चर्चमध्ये.

लेकींचं कोडं मात्र डीएनएने सोडवलं नाही. २००७ मध्ये पहिल्या खड्ड्यापासून सुमारे ७० मीटरवर राजपुत्र अलेक्सी आणि एका बहिणीच्या हाडांचे जळके तुकडे सापडले, पाच मुलांचा हिशेब लागला. पण ही बहीण मारिया की अनास्तासिया? प्रयोगशाळा सांगते की मुलगी या आईबापाची. चौघींपैकी कोणती, ते सांगायला त्या चौघींपैकी एखादीची जपून ठेवलेली बट तरी हवी. रशियन तज्ज्ञ कवट्यांवरून मारिया म्हणत होते, अमेरिकन तज्ज्ञ हाडांच्या वाढीवरून अनास्तासिया.

या भावंडांत एक वारसा वाटला गेला, तोही बघण्यासारखा आहे. व्हिक्टोरिया राणीकडून आलेला, रक्त न गोठण्याचा आजार म्हणजे हिमोफिलिया. दोष आईच्या दोनपैकी एका एक्स गुणसूत्रावर, म्हणून प्रत्येक अपत्याला छापा की काटा. व्हिक्टोरियाच्या चार मुलांपैकी एकट्या लिओपोल्डला तो झाला. पाच मुलींपैकी अ‍ॅलिस आणि बिआट्रिस वाहक निघाल्या. अ‍ॅलिसची लेक अलेक्झांड्रा वाहक. तिची थोरली बहीण, प्रिन्स फिलिप यांची आजी, हिच्या वंशात तो आजार दिसला नाही. अलेक्सीला आजार होता हे जगाला ठाऊक होतंच, रास्पुतिन या साधूचं राजघराण्यातलं सारं प्रस्थ त्यातूनच वाढलं. २००९ मध्ये हाडांतून नेमका बिघाडही सापडला: एका अक्षराचा फरक, रक्त गोठवणाऱ्या घटक क्रमांक ९ च्या जनुकात. आणि चार बहिणींपैकी एकीच्याच हाडात तो मिळाला. ती कोणती, यावर पुन्हा तोच जुना वाद.

असाच एक वारसा मुंबईच्या नावाने ओळखला जातो. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एका विलक्षण रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. ए, बी, ओ ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच या रक्तात नसतो. साध्या तपासणीत असं रक्त ‘ओ’ दिसतं, पण ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. यातून घरात संशयाचं भूतही शिरू शकतं. वडील एबी आणि मूल ‘ओ’, हे पाठ्यपुस्तकाप्रमाणे अशक्य. पण मूल बॉम्बे गटाचं असेल तर सहज शक्य, कारण वडिलांचं ए किंवा बी त्याच्याकडे आलेलं असतं, फक्त ते टेकवायला पाया नसतो. एबीओचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचचं एकोणिसाव्यावर. दोन्ही नाणी स्वतंत्र पडतात.

एचच्या जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते. त्या दोघांकडे बहुधा एक चांगली प्रतही असते, म्हणून ज्यांनी हा रक्तगट दिला त्यांचंच रक्त मुलाला चालत नाही. भावंडाचं चालू शकतं, पण चारांत एक या हिशेबाने. एक भाऊ असेल तर २५ टक्के, दोन भावंडं असतील तर निदान एकाचा जुळण्याची शक्यता ४४, चार असतील तर ६८. अस्थिमज्जा जुळवतानाही जवळपास हेच गणित मांडतात, कारण तिथली एचएलए जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकगठ्ठा येतात. चार-पाच भावंडांच्या जुन्या घरात हे आकडे दिलासा देणारे होते. आता शस्त्रक्रियेआधी रक्तपेढीतून बॉम्बे गट असल्याचं कळलं, की पहिला फोन बहिणीला किंवा भावाला जातो, आणि रुग्ण एकुलता एक असेल तर गावोगाव विखुरलेल्या दात्यांच्या यादीतल्या अनोळखी क्रमांकांना.